सातव्या ओळीतलं वर्तुळ

“अक्षर माणसाचं नसतं, बसण्याचं असतं.”

नक्कलकाका हे वाक्य दिवसातून एकदा तरी बोलत. कुणी म्हणालं की अमक्याचं अक्षर काय सुरेख आहे, की काका चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, “कुठं बसून लिहिलं?” स्टूल उंच असलं तर ओळी चढतात, टेबलाचा एक पाय आखूड असला तर उतरतात. कागद मांडीवर धरला तर अक्षरं एकमेकांच्या अंगावर कोसळतात. निब फाटलेली असली तर साध्याभोळ्या माणसाचीही रेघ दरोडेखोरासारखी दिसते. काकांचं हे शास्त्र चाळीस वर्षांच्या बैठकीतून आलेलं होतं. मी ते त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही कागद हातात घेतला की आधी खुर्ची हलते का ते बघतो.

माझी वस्ती काकांच्या गावापासून दोन तासांच्या चालीवर. दर गुरुवारी मी वाचनालयात पुस्तक बदलायला जायचो. माझी सगळी शाळा तीच. काकाही गुरुवारीच यायचे, म्हणून आमची ओळख.

काका दस्त नोंदणीच्या कचेरीत नकलनीस होते. यंत्रं येण्याआधीची गोष्ट. कुणाला घराच्या, शेताच्या कागदाची प्रत हवी असली की नकलनीस ती हातानं लिहून द्यायचा, शब्दाला शब्द. मूळ कागदात चूक असली तर नकलेतही तीच चूक. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि मूळ कागदावर शाईचा डाग पडून एखादा शब्द बुजला असेल, तर नकलेत त्या जागी डाग काढायचा नाही, डागाएवढं स्वच्छ वर्तुळ काढायचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, की मुळात इथं डाग आहे. मग कागदाच्या मागे डाव्या कोपऱ्यात ‘खरी नक्कल’ असं लिहायचं, तारीख आणि छोटी सही करायची, कचेरीचा शिक्का मारायचा. झालं काम.

माणूस असा की कागदापुढे बसला की पाठ ताठ, मान स्थिर, नजर तलवारीसारखी. आणि उठला की पुन्हा काका. भाजीवाल्यापुढे उभे राहिले की कोबी घ्यावा की दुधी यात अर्धा तास जायचा, आणि शेवटी भाजीवालाच वैतागून एक काहीतरी पिशवीत टाकायचा. न्हाव्याला ‘पुरे’ म्हणायची हिंमत होत नसे, म्हणून वर्षातले चार महिने डोकं गुळगुळीत असे. बायकोपुढे तर आवाजच फुटत नसे. आणि मांजर! लहानपणी एका मांजरीनं पोटरीला ओरबाडलं होतं, तेव्हापासून मांजर दारात बसलेलं दिसलं की काका मागच्या दारानं घरात यायचे. त्यांच्या बायकोला सगळं गाव नक्कलकाकू म्हणे. त्या ओट्याशी उभ्या राहून ओरडायच्या, “आले का हो? पुढचं दार मांजराच्या नावावर केलंय वाटतं!”

आता त्या पत्राकडे येतो.

त्या गावातून फार वर्षांपूर्वी एक मोठे नेते गेले होते. देश घडवणाऱ्यांपैकी एक. गावात त्यांना नुसतं ‘थोरले’ म्हणत. गाडीचा आस मोडला म्हणून त्यांना लोहाराच्या अंगणात तीन तास थांबावं लागलं. तेवढ्या वेळात त्यांनी गावाला अकरा ओळींचं पत्र लिहिलं, की या गावात पुस्तकांचं घर व्हावं. त्या पत्रावर वाचनालय उभं राहिलं. दोन खोल्या, एक जिना, चौदा कपाटं. आणि दारातून शिरल्यावर समोरच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, ते पत्र.

निदान गावाची तशी समजूत होती.

अडतीस वर्षांपूर्वी कचेरीनं कळवलं, की ज्या पत्राच्या आधारावर वाचनालयाची नोंद झाली, त्याची एक खरी नक्कल आमच्या दप्तरात हवी. वाचनालयाचे तेव्हाचे अध्यक्ष स्वतः पत्र घेऊन आले, पेटीतलं पाकीट जसंच्या तसं, उघडून न बघता. काका तेव्हा ऐन उमेदीत. त्यांनी नवी निब घेतली, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला, कागदाखाली पट्टी ठेवली आणि आयुष्यातली सगळ्यात देखणी नक्कल केली. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी पत्र न्यायला आले. टेबलावर दोन कागद. एकावर ओळी घसरगुंडी खेळत होत्या, अक्षरं दारू प्यायल्यासारखी एकमेकांना धरून उभी होती, सातव्या ओळीत अंगठ्याएवढा डाग होता. दुसऱ्यावर सगळं कवायतीत उभं.

अध्यक्षांनी दोन्हींकडे बघितलं आणि हसले. “काय हो नकलनीस, एवढ्या मोठ्या माणसाची नक्कल, आणि असली गबाळी? डाग तरी पाडायचा नव्हता!”

आणि देखणा कागद उचलून ते थेट फ्रेमवाल्याकडे चालते झाले. काकांनी तोंड उघडलं. उठले. दोन पावलं त्यांच्या मागे गेले. कचेरीच्या दारात मांजर बसलं होतं.

काका परत खुर्चीत बसले. मूळ पत्र ‘नक्कल’ म्हणून गठ्ठ्यात गेलं, आणि नक्कल भिंतीवर चढली.

हे सांगून टाकायला हवं होतं, असं काका स्वतःला दोन वर्षं म्हणत राहिले. मग कचेरीतल्या लोखंडी कपाटाचं दार त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आलं. हाड बसलं, पण वाकडं. पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरायला लागले. अक्षर गेलं. पुढची सगळी वर्षं त्यांनी गठ्ठे बांधण्यात आणि शोधून देण्यात काढली. त्यांनी लिहिलेल्या शेकडो नकला गावात घरोघर होत्या, पण ट्रंकेच्या तळाला, कपड्यांखाली. घराचा कागद कोण वाचतं? शिक्का बघायचा आणि ठेवून द्यायचा. उजेडात राहिलेला त्यांच्या हाताचा कागद एकच, काचेमागचा.

म्हणून गुरुवार. काका यायचे, फ्रेमसमोर खुर्ची घेऊन बसायचे, पंधरा मिनिटं बघायचे आणि जायचे. लोक म्हणायचे, थोरल्यांवर काय श्रद्धा या माणसाची!

ती खुर्ची त्यांच्यासमोर सरकवायची त्यांची सून. वाचनालय पाच वर्षं तीच चालवत होती, तात्पुरती म्हणून. तिचा नवरा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. घरात सासू, सासरे आणि ती. पण तिचं खरं घर त्या दोन खोल्या. कुणाला काय वाचायला द्यावं हे तिला डॉक्टरासारखं कळायचं. धोब्याच्या आंधळ्या आईला ती दर सोमवारी जाऊन वाचून दाखवायची. मला तिनं पहिल्या वर्षी बारीक पुस्तकं दिली, दुसऱ्या वर्षी जाड, आणि तिसऱ्या वर्षी म्हणाली, “आता तुम्हीच शोधा, मी सांगणार नाही.” त्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

तिचं अक्षर मात्र काय सांगावं! कोंबड्यांच्या खुराड्यात कुणी फटाका टाकावा आणि त्या शाईत पाय बुडवून पळाव्यात, तसं. ‘पुस्तक परत करा’ अशी चिठ्ठी तिनं पाठवली की लोक चिठ्ठी घेऊन विचारायला यायचे, आणि आलेच आहोत तर म्हणून पुस्तकही आणायचे. कारण साधं होतं. वाचनालयात खुर्ची एकच, आणि ती वाचणाऱ्याला. ही बाई पाच वर्षं शिडीच्या पायरीवर वही ठेवून उभ्यानं लिहीत होती.

त्या वर्षी ठरलं की ग्रंथपालाची जागा कायम करायची. तिलाच मिळणार, यात कुणाला शंका नव्हती. आणि नेमकं तेव्हाच वाचनालयाच्या वर्धापनदिनाला अध्यक्षांनी भिंगवाल्यांना बोलावलं.

हे अध्यक्ष म्हणजे जुन्या अध्यक्षांचे चिरंजीव. आणि भिंगवाले म्हणजे मोठ्या शहरातले अक्षरतज्ज्ञ. गोरेगोमटे, गळ्यात रेशमी रुमाल, खिशात चांदीच्या दांडीचं भिंग. अक्षर बघून माणूस ओळखतात, असा लौकिक. त्यांचं व्याख्यान ‘थोरल्यांचं अक्षर आणि थोरल्यांचा स्वभाव’. सतरंज्या अंथरल्या, खोली भरली, जिना भरला. मी खिडकीत बसलो होतो.

“मी मजकूर वाचत नाही,” भिंगवाल्यांनी सुरुवात केली. “मजकूर खोटं बोलतो. रेघ खोटं बोलत नाही.”

मग भिंग फ्रेमवर फिरू लागलं.

“हा समास बघा. वरपासून खालपर्यंत केसभर ढळलेला नाही. असा माणूस आयुष्यात कुणापुढे वाकत नाही! हा दाब बघा, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सारखा. म्हणजे निर्णय एका क्षणात. चलबिचल नावाला नाही! या वेलांट्या बघा, कशा उसळून उठतात. निर्भय! वाघाच्या गुहेत शिरेल हा माणूस!”

तिसऱ्या रांगेत काकांना ठसका लागला. काकूंनी पाठीत दणका घातला. “पाणी प्या हो. इथं वाघाचं चाललंय आणि तुम्ही कसले खोकताय!”

“आणि आता,” भिंगवाल्यांनी आवाज खाली आणला, “सातवी ओळ.”

सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

“इथं शब्द नाही. इथं आहे एक वर्तुळ. परिपूर्ण वर्तुळ! लिहिता लिहिता हात थांबला. सगळा देश डोळ्यांपुढे उभा राहिला. शब्द तोकडे पडले, आणि या महापुरुषानं काय काढलं? पूर्णत्व!”

टाळ्या थांबेनात. काका उठून बाहेर गेले. ते रडताहेत असं लोकांना वाटलं. मी खिडकीतून बघत होतो. ते जिन्याच्या कठड्याला धरून हसत होते, आणि मग हसता हसता एकदम थांबले.

पुढचे चार दिवस गावावर वर्तुळाचा अंमल होता. अध्यक्षांनी सहीत वर्तुळ आणलं. शाळेत निबंधाच्या मधोमध एक वर्तुळ काढणाऱ्याला शाबासकी मिळू लागली. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही ते शिरलं, आणि औषधवाल्यानं एक गोळी जास्त दिली.

इतपत सगळं ठीक होतं. पण अध्यक्षांच्या डोक्यात विचार आला. भिंगवाले आठवडाभर त्यांच्याकडेच उतरले होते. अध्यक्ष म्हणाले, “मग आमचा ग्रंथपालही तुम्हीच निवडून द्या ना! अर्ज दोन आहेत. दोघांचं एकेक पान बघा. ज्याचं अक्षर थोरल्यांच्या जवळचं, त्याला जागा.”

दुसरा अर्ज एका मास्तरांचा होता. अक्षर असं की पानाला फ्रेम करावी. वाचनालयातून त्यांनी आजवर एकच पुस्तक नेलं होतं, सहा वर्षांपूर्वी, आणि ते अजून त्यांच्याकडेच होतं.

निकाल बुधवारी लागला. सुनेच्या पानाखाली भिंगवाल्यांनी लिहिलं होतं: अस्थिर. हाती घेतलेलं अर्धवट सोडणारी. किल्ल्या सोपवू नयेत. शनिवारी दुपारी सभेत ठराव होणार होता, आणि त्याच सभेत तिनं किल्ल्या द्यायच्या होत्या.

गुरुवारी मी गेलो तर वाचनालय बंद. पुस्तक द्यायला तिच्या घरी गेलो. ओसरीवर ती आणि काका मटार सोलत होते. मला बसायला सांगितलं, माझ्याही पुढ्यात शेंगा टाकल्या. सोलता सोलता ती म्हणाली,

“मामंजी, एक विचारू?”

“विचार ना.”

“काल माझे दाखले शोधताना ट्रंकेत आपल्या घराचा कागद सापडला. चौथ्या ओळीत वर्तुळ आहे. ते कशाचं?”

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. “डागाचं. मुळात डाग असला की नकलेत...” आणि पुढचं गिळलं.

“आणि अक्षर कुणाचं?”

“माझं. अंगठ्याच्या आधीचं.”

“छान होतं हो,” ती म्हणाली आणि सोलत राहिली. “पाच वर्षं दर गुरुवारी तुमच्यासाठी खुर्ची सरकवते. मला वाटायचं, तुम्ही थोरल्यांना बघायला येता.”

काकांचा वाकडा अंगठा मटाराच्या सालीवरून उगाच फिरत होता.

“मग तू शनिवारी सांगणार?” त्यांनी हळूच विचारलं.

“काय सांगणार? मला काही माहीत नाही. मी फक्त मटार सोलतेय.” मग म्हणाली, “उद्या जाऊन फळ्या पुसून ठेवते. मास्तरांना धूळ नको मिळायला.”

आतून काकू ओरडल्या, “अहो, तुम्ही तिघं मटार सोलताय की खाताय? भांड्यात तर काही पडत नाहीये!”

परत जाताना काका मला वेशीपर्यंत सोडायला आले. वेशीशी म्हणाले, “काच आहे ना त्याच्यावर. धूळ बसत नाही. अडतीस वर्षांत शाई जराही फिकी झालेली नाही.” एवढंच बोलले आणि वळले. त्या माणसाला काय निवडायचं होतं ते मला कळत होतं. कोबी का दुधी, हे ज्याला अर्ध्या तासात ठरत नाही, त्याला दोन दिवस होते.

शनिवारी मी मुद्दाम गेलो. सभेला गर्दी, खुर्च्या-टेबल शाळेतून आणलेलं. अध्यक्ष मध्ये, भिंगवाले उजवीकडे, मास्तर पहिल्या रांगेत इस्त्री करून आलेले. सून शिडीपाशी उभी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काकू तिच्या शेजारी, हाताची घडी घालून, कुणी नुसतं ‘अस्थिर’ म्हणायचा अवकाश, अशा तयारीत.

काका आले ते बगलेत लाल फडक्याचा गठ्ठा मारून. कचेरीतून त्यांना कोण अडवणार? सगळे गठ्ठे त्यांनीच बांधलेले.

“एक विनंती आहे,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की अध्यक्षांना दोनदा ‘काय?’ विचारावं लागलं. “एक कागद बघायचा राहून गेलाय. या जागेसाठी तपासायला हवा असा. बघाल का?”

अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण भिंगवाले प्रसन्न होते. “आणा, आणा.”

काकांनी गठ्ठा सोडला. एक पिवळा कागद काढला, खालचा भाग मागे दुमडलेला. भिंग त्याच्यावर गेलं आणि भिंगवाल्यांचा चेहरा आंबट झाला.

“अरेरे. ओळी खाली कोसळतात. म्हणजे धीर नाही. अक्षरं एकमेकांवर. डोक्यात गोंधळ. आणि हा डाग! डाग पडला तरी कागद बदलला नाही. बेफिकीर, आळशी. इथं तर कागद जाळलाय की काय? छे छे. या माणसाच्या हातात वाचनालय सोडा, कंदीलसुद्धा देऊ नका.”

“लिहून द्याल?”

“आनंदानं!” आणि त्यांनी लिहून दिलं. खाली सही केली. सहीत वर्तुळ होतं.

काकांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. मग पिवळ्या कागदाची दुमड उघडून तो अध्यक्षांपुढे सरकवला. “मजकूर वाचा. हे नाही वाचत, तुम्ही वाचा.”

अध्यक्ष अडखळत वाचू लागले. पहिली ओळ वाचली, आणि मान वर करून भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं. दुसरी वाचली. पुन्हा बघितलं. सातव्या ओळीत डाग आला, आणि भिंतीवर वर्तुळ. शेवटी सहीपाशी आल्यावर ते आपोआप उभे राहिले.

“हे... हे तर थोरल्यांचं...”

“लोहाराच्या अंगणात लिहिलेलं आहे,” काका म्हणाले. “मांडीवर कागद ठेवून. ते भोक ठिणगीचं. फ्रेम उतरवा. मागे डाव्या कोपऱ्यात बघा.”

फ्रेम उतरली. मागचा पुठ्ठा निघाला. कचेरीचा शिक्का, अडतीस वर्षांपूर्वीची तारीख, ‘खरी नक्कल’, आणि छोटी सही.

पहिला आवाज काकूंचा निघाला.

“म्हणजे,” त्या एकेक शब्द तोलत म्हणाल्या, “तो कुणापुढे न वाकणारा... हा?”

कुणीतरी फसकन हसलं.

“क्षणात निर्णय घेणारा... हा? भाजीवाल्याला बोलवा कुणीतरी, त्याला ऐकू दे! वाघाच्या गुहेत शिरणारा... अगं बाई, हा माणूस मांजर हललं नाही म्हणून माझ्या लग्नाला उशिरा आला होता, स्वतःच्या लग्नाला!”

मग कुणाचं कुणाला ऐकू येईना. हसण्याचा लोंढा जिन्यावरून खाली उतरला आणि पुन्हा वर आला. मास्तरसुद्धा हसत होते, आपलं काय होतंय ते कळायच्या आत.

भिंगवाले लाल झाले होते, पण हार मानणारे नव्हते. त्यांनी पिवळा कागद ओढून घेतला. “खरं म्हणजे, अधिक खोलात गेलं तर, उतरत्या ओळी नम्रताही सुचवतात. आणि डाग म्हणजे एक प्रकारचा त्याग...”

काकांनी खिशावर बोट ठेवलं. “लिहून दिलंय तुम्ही.”

भिंगवाल्यांनी कागद परत टेबलावर ठेवला.

“काका,” अध्यक्ष कळवळून म्हणाले, “अडतीस वर्षं? एकदा तरी सांगायचं होतं!”

“तुमच्या वडिलांच्या मागे निघालो होतो. दारात मांजर होतं.” काकांनी गठ्ठ्याचं फडकं सारखं केलं. “ते पहिल्या दिवसाचं. नंतर मांजर नव्हतं. नंतर मलाच सांगायचं नव्हतं.”

हे ते सगळ्यांना म्हणाले, पण बघत होते सुनेकडे.

अध्यक्षांनी टेबलावर तीन कागद लावले. मास्तरांचं पान, सुनेचं पान, थोरल्यांचं पत्र. मास्तरांचं पान दुरूनही परकं दिसत होतं. उरलेली दोन शेजारी ठेवली तर सख्ख्या बहिणी. अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले. नियम त्यांनीच केलेला होता, ज्याचं अक्षर थोरल्यांच्या जवळचं त्याला जागा.

“किल्ल्या कुठं आहेत?” त्यांनी विचारलं.

“कमरेला,” सून म्हणाली.

“राहू द्या तिथंच.”

मास्तर उठून म्हणाले, “माझी हरकत नाही. ते पुस्तक सोमवारी आणून देतो.” त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या, आणि त्या उपहासाच्या नव्हत्या.

“आणि एक खुर्ची,” काका म्हणाले. “टेबलासकट. पाय सारखे असलेलं टेबल.”

“घ्या लिहून,” अध्यक्षांनी सांगितलं.

लोक पांगले. थोरल्यांचं पत्र, डाग आणि ठिणगीच्या भोकासह, फ्रेममध्ये बसलं. काचेमागे ते गबाळं दिसत होतं आणि खरं दिसत होतं. मला ते आवडलं. घाईत, अवघडून बसलेल्या माणसानं, गाडी दुरुस्त होईपर्यंत जमेल तसं लिहिलेलं. तो शूर होता की भित्रा, ते त्यावरून मला तरी कळलं नाही.

सुनेनं नक्कल दोन्ही हातांत धरली होती. “मामंजी, ही शेजारी लावू या. मी पाटी करते, नक्कल म्हणून.”

“नकलेची जागा गठ्ठ्यात,” काका म्हणाले. त्यांनी कागद घेतला. समासावरून वाकडा अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला, एकदाच. मग लाल फडक्यात ठेवून गाठ मारली. दोन बोटांनी गाठ मारायला त्यांना वेळ लागला. सून मदतीला पुढे झाली नाही. तिला कळत होतं.

दाराशी भिंगवाल्यांनी त्यांना गाठलं. आता त्यांच्या आवाजात व्याख्यान नव्हतं. “काका, एक खरं सांगा. तो समास इतका सरळ कसा?”

“खाली पट्टी होती.”

“आणि तो सारखा दाब?”

“नवी निब, आणि टेबलाखाली पुठ्ठा.” काकांना त्यांची दया आली असावी. “वेलांट्या मात्र माझ्या होत्या,” ते म्हणाले. “त्या तुम्ही बरोबर वाचल्यात. त्या वयात मी असा उसळायचो. फक्त कागदावर.”

आणि गठ्ठा बगलेत मारून ते निघाले. खिडकीत आम्ही तिघं. सून, कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवून. भिंगवाले, भिंग डोळ्याला लावून, जणू माणूसही एक ओळ आहे. आणि मी. खाली काका अंगण ओलांडून फाटकाकडे चालले होते. पाठ ताठ, मान स्थिर, पाऊल सरळ रेघेवर. फाटकाच्या मधोमध एक पिवळं मांजर अंग चाटत बसलं होतं.

काका थांबले. मांजरानं वर बघितलं. काकांनी घसा खाकरला. मांजरानं दुसरा पाय चाटायला घेतला.

काका वळले, सावकाश, आणि कपाटांच्या खोलीमागच्या बोळानं, गठ्ठा छातीशी धरून, मागच्या फाटकातून कचेरीकडे गेले. ते दिसेनासे होईपर्यंत भिंगवाल्यांनी भिंग खाली केलं नाही. सून बघत होती, हसत होती, आणि पदराच्या टोकानं डोळे पुसत होती.